मेयॉल-क्लॅप्टन: १९६६ चा स्टुडिओ की २००३ चं लिव्हरपूल?

दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये ब्रिटिश ब्लूज गायक-वादक जॉन मेयॉलचा बँड ब्लूजब्रेकर्स, दोन्हीकडे गिटारवादक एरिक क्लॅप्टन. १९६६ च्या अल्बमात तो बँडचाच, विशीतला गिटारवादक. गिब्सन लेस पॉल गिटार मार्शल अँपला (ध्वनिवर्धकाला) जोडलेली आणि आवाज फाटेपर्यंत वाढवलेला. पुढच्या कितीतरी रॉक गिटारवादकांनी हाच नाद गिरवला.

जुलै २००३ मध्ये, मेयॉलच्या सत्तरीनिमित्त लिव्हरपूलला झालेल्या मैफलीत मात्र तो पाहुणा. युनिसेफच्या मदतीसाठीचा कार्यक्रम; बँडचा आणखी एक जुना गिटारवादक मिक टेलरही आलेला. इथलं 'हॅव यू हर्ड' हे गाणं ऐकाच! क्लॅप्टन घाई करत नाही, सुरांमध्ये जागा सोडतो. बँडचा नेहमीचा गिटारवादक बडी व्हिटिंग्टनही या दिग्गजांच्या सावलीत जराही दबत नाही, आणि त्याचं पुरेसं कौतुक होत नाही याचं मला वाईट वाटतं.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर १९६६. पुन्हा पुन्हा लावायला मला लिव्हरपूलच हवं.