सार्वजनिक शौचालयाच्या डागाळलेल्या टाइल्स: ॲसिड, सल्फॅमिक, यंत्र की नवे सांधे?

सार्वजनिक शौचालयातील टाइल्स काळवंडल्या, सांधे पिवळे पडले आणि रोज धुऊनही वास हटेनासा झाला, की व्यवस्थापन समितीपुढे साधारणपणे चार पर्याय येतात: नेहमीचे हायड्रोक्लोरिक ॲसिड, सल्फॅमिक ॲसिडची पावडर, यंत्राने घासून घेण्याचे कंत्राट, किंवा सांधे उकरून ते नव्याने भरणे. पहिला पर्याय सर्वांत स्वस्त दिसतो म्हणून बहुतेक ठिकाणी तोच निवडला जातो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारात घ्यावा, कारण शौचालयाच्या फरशीचे खरे दुखणे टाइलपेक्षा दोन टाइलांमधल्या सांध्यात असते आणि हे ॲसिड नेमका तो सांधाच खाते.

निवड करण्यापूर्वी डाग कशाचा आहे हे पाहिले पाहिजे. लघवीतील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, त्यामुळे द्रव अल्कधर्मी बनतो आणि लघवीतील व पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम फॉस्फेटच्या रूपात साचू लागतात. मुतारीखालचा पिवळट, खडबडीत थर तो हाच. बोअरवेलच्या जड पाण्याने त्यात चुन्याच्या क्षाराची भर पडते आणि पाण्यात लोह असेल तर तांबूस पट्टे उमटतात. त्यावर साबणाचा आणि पायांनी आलेल्या मातीचा चिकट काळा लेप बसतो. क्षाराचा थर आम्लाने विरघळतो. चिकट लेप मात्र आम्लाने सुटत नाही; त्याला धुण्याचा सोडा किंवा तत्सम अल्कधर्मी द्रावणच लागते. एकाच बाटलीने सर्व डाग काढण्याचा हट्ट म्हणूनच फसतो, आणि तो फसला की आणखी तीव्र ॲसिड आणले जाते.

बाजारात सुटे मिळणारे हायड्रोक्लोरिक ॲसिड अनेकदा ३० टक्क्यांच्या आसपास तीव्रतेचे असते, तर शौचालय साफ करण्याच्या बाटलीबंद द्रवात ते साधारण १० टक्के असते. क्षार ते झपाट्याने काढते, याबद्दल वाद नाही. सिरॅमिक टाइलच्या चकाकीलाही त्याने सहसा इजा होत नाही. परंतु सांध्यात भरलेले सिमेंट त्यात विरघळते, सांधा दर धुण्यागणिक खोल आणि सच्छिद्र होतो आणि पुढच्या वेळी त्यात अधिक लघवी मुरते. ॲसिडने अमोनियाचा वास त्या दिवसापुरता दबतो, म्हणून काम उत्तम झाल्यासारखे वाटते. काही दिवसांत तोच वास परततो. शिवाय त्याच्या वाफांनी नळ, कड्या, बिजागऱ्या आणि स्टीलची भांडी गंजतात. खिडकी नसलेल्या कोंदट खोलीत हे काम करणाऱ्या सफाई कामगाराच्या छातीत त्या वाफा जातात, ही बाब खर्चाच्या कोणत्याही हिशेबात येत नाही, आणि ती यायला हवी.

कायद्याची बाजूही आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार सुटे ॲसिड विकणाऱ्याने खरेदीदाराची नोंद ठेवणे आणि त्याचे ओळखपत्र पाहणे आवश्यक आहे, तर ॲसिड बाळगणाऱ्या सरकारी विभागांना वापराची नोंदवही ठेवून एका जबाबदार व्यक्तीची नेमणूक करावी लागते. शौचालयाच्या कोपऱ्यात बिनझाकणाच्या डब्यात ॲसिड ठेवण्याची पद्धत या चौकटीत बसत नाही.

सल्फॅमिक ॲसिड पांढऱ्या स्फटिकांच्या स्वरूपात मिळते. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम विरघळवून ते ब्रशने पसरावे, दहा मिनिटे ओले राहू द्यावे, मग घासून भरपूर पाण्याने धुवावे. ते उडून वाफा होत नाही, धातूला कमी खाते आणि कॅल्शियमचे क्षार विरघळवून पाण्याबरोबर वाहून नेते. सिमेंटच्या सांध्याला त्याचाही थोडा त्रास होतोच, म्हणून आधी फरशी साध्या पाण्याने पूर्ण भिजवावी, म्हणजे सांधे पाणी पिऊन तृप्त होतात आणि आम्ल खोलवर जात नाही. किलोमागे दर ॲसिडपेक्षा चढा असतो आणि जाड थराला दोन-तीन हात द्यावे लागतात. तरीही सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल असेल आणि सांधे शाबूत असतील, तर मी हाच मार्ग सुचवेन: आधी सोड्याच्या गरम द्रावणाने चिकट लेप काढावा, फरशी धुवावी, आणि त्यानंतरच सल्फॅमिक वापरावे. हा क्रम उलटा केला तर आम्ल लेपावरच थांबते आणि खालच्या क्षारापर्यंत पोहोचत नाही. कोणतेही आम्ल मिसळताना ते पाण्यात घालावे, पाणी आम्लात ओतू नये.

शहाबादी, कोटा किंवा कडप्पा फरशी असेल तर वरील दोन्ही पर्याय बाद समजावेत. हे चुनखडीचे दगड आहेत आणि आम्लाने त्यांचा पृष्ठभागच विरघळतो. शंका असल्यास आडोशाच्या कोपऱ्यात सौम्य ॲसिडचा एक थेंब टाकून पाहावा. बुडबुडे आले तर तिथे फक्त सोडा, ब्रश आणि पाणी.

ब्लीचिंग पावडरला अनेकजण डाग काढण्याचे साधन मानतात. ती जंतू मारते, बुरशीचा काळेपणा आणि पानतंबाखूचा रंग फिका करते. क्षाराचा थर मात्र ती काढत नाही, उलट तिच्यातला चुना सांध्यात राहून पांढरट साका वाढवतो. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो, आणि लघवी साचलेल्या फरशीवर ब्लीच टाकल्यास त्रासदायक क्लोरामाइन तयार होतात. म्हणून एकाच धुण्यात दोन्ही वापरू नयेत, दोन्हींचे डबेही वेगळ्या जागी ठेवावेत. शौचालय सेप्टिक टँकला जोडलेले असेल तर दोन्हींचा अतिवापर टाकीतल्या उपयुक्त जिवाणूंनाही मारक ठरतो.

यंत्राच्या कंत्राटाचा दरपत्रकावरील आकडा प्रभावी असतो, कारण तो चौरस फुटांवर मोजला जातो. फरशी घासण्याच्या नेहमीच्या एका चकतीच्या यंत्राचा गोल ब्रश साधारण १७ इंच व्यासाचा असतो; अरुंद खोलीत, मध्ये भारतीय पद्धतीचे भांडे असताना तो फिरवता येत नाही. मार्गिका, हात धुण्याची जागा आणि मुताऱ्यांसमोरचा पट्टा यांसाठी यंत्र खरोखर उपयोगी आहे, पण प्रत्येक खोलीत लांब दांड्याचा कडक ब्रश आणि माणूसच लागतो. कंत्राटात खोल्यांचे काम आणि सांधे घासणे स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. ओल्या जागेत विजेचे यंत्र चालवायचे असल्याने विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असल्याची खात्रीही करावी. वाफेचे यंत्र सांध्यातला चिकटा काढते, परंतु क्षारावर त्याचा प्रभाव कमी आणि वेग मंद असल्यामुळे मोठ्या शौचालयाला ते परवडत नाही.

चौथा पर्याय महाग असला, तरी सांधा टाइलच्या पातळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली गेला असेल आणि धुतल्यानंतर दुसऱ्या दिवशी वास परतत असेल तर तोच योग्य आहे, कारण अशा सांध्यावर कोणतेही रसायन ओतणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. जुना माल उकरून, फरशी पूर्ण वाळवून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी इपॉक्सी राळेचा सांधे भरायचा माल, भरावा. तो पाणी शोषत नाही आणि सौम्य आम्लांना टिकतो. सिमेंटच्या ग्राउटपेक्षा अनेक पटींनी महाग मात्र आहे. त्याला वाळायला निदान एक दिवस आणि पूर्ण घट्ट व्हायला सुमारे आठवडा लागतो. वस्तीतल्या शौचालयात तेवढे दिवस सर्व खोल्या बंद ठेवता येत नाहीत, त्यामुळे स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या विभागात एका वेळी निम्म्याच खोल्या बंद ठेवून टप्प्याटप्प्याने काम करावे, आणि स्त्रियांच्या विभागाचे काम कधीही लग्नसराईत किंवा जत्रेच्या दिवसांत काढू नये.

निधी अपुरा असेल तर संपूर्ण शौचालयाचे सांधे बदलण्याची गरज नाही. मुताऱ्यांसमोरचा पट्टा आणि भांड्यांभोवतीची जागा एवढीच इपॉक्सीने भरून उर्वरित फरशी सल्फॅमिकने स्वच्छ केली, तरी वासाचे मुख्य उगमस्थान बंद होते. कामगारांसाठी रबरी हातमोजे, गमबूट आणि चष्मा यांचा खर्च मात्र दरपत्रकात वेगळ्या ओळीत असावा, म्हणजे कंत्राटदाराला तो गाळता येणार नाही.