बीए झाल्यावर पुणे, नागपूर की आपलं गाव? तिन्हीकडे राहून पाहिलं ते सांगते

मामाची पोरगी यंदा बीए झाली. परवा रात्री तिचा फोन, ताई मी काय करू, दोघी मैत्रिणी पुण्याला चालल्या, बाबा म्हणतात नागपूरला बीएड कर, आणि मला तर गावातच राहून तुझ्यासारखं चॅनल करायचं आहे. तासभर बोललो तरी अर्धं राहिलंच. आणि तिच्यासारख्या बऱ्याच पोरी सध्या हेच विचारून राहिल्या, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढते.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाजवळच्या एका गावची. कॉलेजनंतर चौदा महिने पुणे, मग दोन वर्षं नागपूर आणि आता दीड वर्षापासून घरी. आम्ही तिघी मैत्रिणी, गोंडवाना विद्यापीठाच्या युवक महोत्सवात एकांकिका केली तेव्हापासूनच्या. तिथूनच झाडीबोलीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या बोलीत, छोटे प्रसंग करून यूट्यूबवर टाकायचं सुरू झालं, म्हणजे बचत गटाची मीटिंग, धान केंद्रावरची लाईन, रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, बाया जमवताना होणारी धावपळ असं. एक आज पुण्यात आहे, एक नागपुरात, मी इथे, आणि चॅनल अजून सुरू आहे.

सगळे पगाराची तुलना करतात. मी एक वेगळीच गोष्ट पाहायला सांगते, तुझी संध्याकाळ कोणाच्या ताब्यात राहील ते पाहा. लिहिणं, तालीम, शिवणकाम, एडिटिंग, जे काही आपलं म्हणून करायचं आहे ते दिवसाच्या उरलेल्या दोन-तीन तासांतच होतं, आणि ते तास तिन्ही ठिकाणी वेगवेगळे निघतात.

पुण्यात पगार जास्त, हे खरंच आहे. मला कस्टमर सपोर्टच्या कामाचे हातात सतरा हजार यायचे, आमच्या घरी एवढी रक्कम एकदम फक्त धान विकल्यावर दिसते, त्यामुळे पहिल्या महिन्यात मी बाबांना पाच हजार पाठवले तेव्हा ते फोनवर बराच वेळ काही बोललेच नाहीत. पण तिघींच्या खोलीत एका कॉटचे साडेसहा हजार, मेसचे तीन हजार, बस, रिचार्ज, आणि कोणाचा तरी वाढदिवस, असं करत महिन्याच्या शेवटी तीन-चार हजार उरले तर उरले. शिफ्ट नऊ तासांची, जायला-यायला तीन तास. खोलीवर आल्यावर नुसतं पडून राहावंसं वाटायचं.

मिळालं काय तेही सांगते, कारण ते दुसरीकडे मिळालंच नसतं. सुदर्शन रंगमंचावर प्रायोगिक नाटक पाहिलं, अगदी जवळून, नटाचा श्वास ऐकू येईल एवढं जवळून. आपल्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे ह्या धानाच्या पट्ट्यात, नाटकाला हजारो माणसं मंडपात बसलेली असतात, मागच्या माणसाला पोचायला पाहिजे म्हणून आवाज मोठा, हातवारे मोठे. तिथे समजलं की हळू बोलूनही माणूस धरून ठेवता येतो. माझे आत्ताचे व्हिडिओ त्यामुळे बदलले.

आणि गेलं काय, तर भाषा. मी "करून राहिली" म्हटलं की बाजूच्या पोरी थांबून पाहायच्या, वाईट मनानं नाही, पण पाहायच्या, मग चार महिन्यांत मी ते बोलणंच सोडलं, आणि एक दिवस झाडीबोलीतला प्रसंग लिहायला बसले तर आजीच्या तोंडी काय टाकावं ते सुचेचना. कानावर पडतच नव्हतं ना. तीच आजी गेली तेव्हा मी गाडीत होते, पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आता ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली, बारा तासांत जाते, तरी अजनीहून वडसा आणखी चार तास धर. दिवाळीत ट्रॅव्हल्सचे भाव तर विचारूच नको.

म्हणून पुण्याचं माझं मत साफ आहे, ऑफर लेटर हातात असेल तर जा, "तिथे गेल्यावर पाहू" म्हणून जाऊ नको. मैत्रिणी चालल्या म्हणून तर अजिबात नको, कारण तिघी तीन शिफ्टमध्ये असल्या की एकाच खोलीत राहूनही भेट होत नाही. आमच्या पुण्यावालीला मी तिथे असताना जेवढी भेटले त्यापेक्षा आता व्हिडिओ कॉलवर जास्त भेटते.

नागपूरबद्दल आपल्याकडच्या पोरी नाक मुरडतात, नागपूर तर घरचंच आहे, तिथे काय नवीन. मला सगळ्यात जास्त ह्याच शहरानं दिलं. पगार कमी होता, अकाउंट्सच्या ऑफिसात साडेअकरा हजार, पण नंदनवनला दोघींत एक खोली, भाडं माझ्या वाट्याचं अडीच हजार, तांदूळ घरून, तिखट घरून, लोणचं घरून. शिल्लक पुण्याएवढीच पडायची. सहाला सुट्टी आणि साडेसहाला खोलीवर, म्हणजे सात ते दहा पूर्ण आपले. त्या तीन तासांत मी एडिटिंग शिकले, एका ग्रुपसोबत राज्य नाट्य स्पर्धेसाठी तालीम केली. ही स्पर्धा हौशी कलाकारांचीच असते, नागपूरलाही केंद्र आहे आणि चंद्रपूरलाही, त्यामुळे नोकरीवाले लोक रात्री तालमीला येतात, त्यात पोरी असतात आणि परत सोडायला कोणी ना कोणी असतंच.

घरी यायचं तर शनिवारी दुपारची एसटी, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत दिवेलागणीला घरी. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं त्यानं खूपच फरक पडला, आधी महिन्यातून एकदा यायची, मग दर पंधरा दिवसांनी यायला लागली. शूटिंग रविवारी, एडिटिंग आठवडाभर. चॅनलचे सगळ्यात जास्त व्हिडिओ त्याच दोन वर्षांत झाले.

घरच्यांच्या बाजूनंही नागपूर बरं. बीएड दोन वर्षांचं, "शिकून राहिली" म्हटलं की स्थळं घेऊन येणारे थोडे थांबतात. गावात राहिलं की बीएच्या रिझल्टच्या आधीच मोठी माय फोटो मागते, पुण्यात राहिलं की तिकडे कोणी पसंत तर नाही केला ना म्हणून घाई करतात. नागपूर मधलं आहे, जवळ आहे म्हणून घरच्यांच्या जिवाला घोर नाही आणि दूर आहे म्हणून रोजचं विचारणं नाही. एक त्रास मात्र आहे, गावातलं कोणीही मेडिकलला, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, भरती झालं की त्यांचे नातेवाईक तुझ्या खोलीवर येतील, डबा तूच नेशील, रात्रीही जागशील. मी केलं आणि परत करीन, पण परीक्षेच्या दिवसांत हे आलं की वर्षाचं नुकसान होतं. बीएड करणार असशील तर रूम पार्टनरसोबत आधीच ठरवून ठेव.

आता गाव, ह्यावर जास्त लिहिते कारण तुझा जीव इथेच आहे.

गावात संध्याकाळ आपली नसते हे पहिलं समजून घे. पाच वाजले की झाडणं, दिवा, चूल, कोणी आलं त्याचा चहा, वहिनीचं लेकरू. आमच्याकडे तर अंधार पडल्यावर जंगलाच्या रस्त्यानं गाडीवर यायचंच नाही, वाघाची भीती खरी आहे, म्हणून शूटिंगला गेलेल्या पोरी पाचच्या आत घरी पाहिजेत. आपली असते ती दुपार, बारा ते चार. बाया वावरातून आलेल्या, जेवणं झालेली, गाव शांत. पण रोवण्यात ती दुपारही जाते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायला सुरुवात झाली की पुढचा महिनाभर कॅमेरा पेटीत, आणि दिवाळीच्या आसपास कापणी-चुरण्यात पुन्हा तेच. वर्षाचे दोन अडीच महिने असे जाणारच. त्यासाठी आधी व्हिडिओ करून ठेवावे लागतात, ही शिस्त मला नागपुरातल्या नोकरीनं लागली, सरळ कॉलेजातून गावी आले असते तर लागली नसती.

सोयी म्हणशील तर लाईटचा भरवसा नाही, नेटवर्क छतावर. पण एक गोष्ट गावात मिळाली ती पैसे देऊनही शहरात मिळाली नव्हती. आवाज रेकॉर्ड करायला पुण्यात खोली घुमायची, नागपुरात रस्त्याचे हॉर्न यायचे. इथे आमच्या मागच्या खोलीत धानाची पोती रचलेली असतात, चारही भिंतींना छातीएवढी. एक दिवस सहज आत बसून बोलून पाहिलं तर आवाज जिथल्या तिथे थांबला, घुमणं नाही, काही नाही. तेव्हापासून तीच आमची रेकॉर्डिंगची खोली. गोदरी अंथरायची, मोबाईल पोत्यावर ठेवायचा, धानाचा वास नाकात, आणि दारात आई बसून म्हणते, असं नाही बोलत व बुढी माणसं, आणि बोलून दाखवते. ते तसंच टाकते मी. लोकांना आवडतं ते आईचंच असतं.

कमाईचं खरं खरं सांगते. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४००० तासांचा वॉच टाईम लागतो, किंवा शॉर्ट्स असतील तर नव्वद दिवसांत १ कोटी व्ह्यूज. त्यानंतरही खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. आम्हाला पावणेतीन वर्षं लागली. पत्ता तपासायला ते पोस्टानं पिन पाठवतात, ते पाकीट पोस्टमनकाका सायकलवर घेऊन आले तेव्हा अर्धी गल्ली जमली होती. पण त्यावर घर चालत नाही. माझं चालतं ते सीझनवर. दिवाळी ते होळी झाडीपट्टीची नाटकं, दिवाळीच्या आधी वडसात मंडळांची ऑफिसं गजबजतात, गावोगावचे लोक बुकिंगला येतात, आणि आता प्रत्येक मंडळाला मोबाईलवर फिरवायला जाहिरातीचा व्हिडिओ पाहिजे. ते काम मी करते. बाकीच्या महिन्यांत ब्लाऊज शिवते.

त्या नाटकांत स्वतः काम करायचं मनात असेल तर घरी आधी बोल, लपवून करू नको. रात्रभर प्रयोग, पहाटे परत, बाईमाणूस ड्रामात गेली की लोक बोलतात, हे अजूनही आहे. पण आमच्याच जिल्ह्यातल्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती ह्याच रंगभूमीसाठी, तेव्हापासून माझे बाबा तरी "ड्रामा" म्हणायचं सोडून "रंगभूमी" म्हणतात.

सामान घेऊन काही उभारायचं असेल, शिलाई युनिट म्हण, कुरडया-सांडग्याचा गृहउद्योग म्हण, तर गावात राहण्याचा पैशाचा फायदाही आहे. पीएमईजीपी ह्या केंद्र सरकारच्या स्वयंरोजगार योजनेत ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के सबसिडी आहे, स्वतःचे ५ टक्के टाकावे लागतात. बाकी बँकेचं कर्जच आहे हे विसरू नको, हप्ता रोवण्याच्या महिन्यातही येतो.

आणि मैत्रिणींसोबत करायचं तर एक काम पहिल्याच दिवशी कर. आमचं चॅनल पुण्यावालीच्या ईमेलवर होतं, नंबरही तिचाच. एकदा लॉगिन गेलं, ओटीपी तिच्या मोबाईलवर, ती नाईट शिफ्टला, मोबाईल लॉकरमध्ये. पोळ्याचा व्हिडिओ पोळा झाल्यावर तिसऱ्या दिवशी पडला आणि आम्ही दोघी तिला नाही नाही ते बोललो, महिनाभर तिघींचं बोलणं बंद. चूक तिची नव्हतीच. नंतर यूट्यूब स्टुडिओच्या परमिशनमध्ये जाऊन तिघींना हक्क दिले, आणि वहीत लिहिलं की आलेल्या पैशाचे चार भाग, तिघींचे तीन आणि एक सामानाचा. कोणाचं लग्न झालं, कोणी वर्षभर काहीच केलं नाही, तर काय, तेही लिहिलं. लिहिताना लाज वाटली होती, एवढ्या जवळच्या मैत्रिणींत कागद कशाला म्हणून. पण नागपूरवालीचं गेल्या उन्हाळ्यात लग्न झालं तेव्हा त्या वहीमुळे एकाही शब्दावरून वाद झाला नाही, ती अजून महिन्याला दोन व्हिडिओ एडिट करून पाठवते, सासूबाईंना दाखवून.

तर तुझ्यापुरतं सांगायचं तर मी आधी नागपूर म्हणेन, निदान दोन वर्षं. मामा म्हणतात म्हणून नाही, त्या सात ते दहासाठी. घरी आधार पक्का असेल, म्हणजे दुपारचे चार तास कोणी मागणार नाही असं मामी तोंडानं म्हणत असतील, तर सरळ गावात राहा, मला आनंदच आहे. तसं आहे का हे तुला अजून माहीत नाही, ते आधी पाहा. रोवणा आटोपला की आठ दिवस माझ्याकडे ये, मोबाईलचा स्टँड घेऊन ये, आणि मामींनाही सोबत आण.