पोलो जीटीचे ब्रेक: साडेसव्वीस हजारातले किती वसूल झाले

गाडी २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, आपल्या चाकणलाच बनलेली, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. खरे हॉट हॅचवाले, म्हणजे छोट्या पण जोरकस गाड्यांचे शौकीन, हिला कोमट हॅच म्हणतात, म्हणू देत, माझीला रीमॅप केलाय, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलीये, त्यामुळे जरा जास्तच कोमट आहे. ताकद वाढवताना हात मोकळा होता, पण ब्रेकचा विचार शून्य. पुढे २५६ मिमीची व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम, जसे शोरूममधून आले तसेच.

मग एका डिसेंबरात महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटातून उतरत होतो, चौघं जण, डिक्की भरलेली, आणि मी शहाण्यासारखा गिअर डी वर ठेवून प्रत्येक वळणाला नुसता ब्रेक दाबत चाललेलो. प्रतापगड फाट्याच्या खाली बायको म्हणाली, "अरे हा जळका वास कसला येतोय?" मी म्हणलं पुढच्या ट्रकचा. पुढच्या दोन वळणांनी पेडल एकदम मऊ लागलं, जवळजवळ तळाला टेकलं, दुसऱ्यांदा पंप केल्यावर ब्रेक लागले. बाजूला घेतली, अर्धा तास दगडावर बसून राहिलो, चाकांतून गरम हवा येत होती. वास आमचाच होता हे मान्य केलं, पर्याय नव्हता.

घरी आल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं, म्हणजे कारण न शोधता शॉपिंग. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून भोकं पाडलेल्या, खाचा मारलेल्या डिस्कची जोडी घेतली, ११ हजार. दिसायला कमाल, अलॉय चाकांमधून चमकायच्या, मित्र पार्किंगमध्ये वाकून बघायचे. सात महिन्यांत भोकांच्या कडेला केसासारख्या बारीक चिरा. विक्रेत्याचं म्हणणं, "सर तुम्ही रॅश चालवता". आता भोकं असलेली डिस्क वाईटच असते असं नाही, पण स्वस्तातल्या बहुतेक जोड्या साध्या डिस्कला नंतर ड्रिल मारून केलेल्या असतात, तापली-थंड झाली की ताण पहिला त्या भोकांच्या कडेवर येतो. शिवाय भोकं पाडली की तेवढं लोखंड कमी, म्हणजे उष्णता साठवायला तेवढी जागा कमी, आणि माझा प्रॉब्लेमच उष्णतेचा होता. हे ११ हजार खालच्या हिशोबात धरलेले नाहीत, ते शाळेची फी समजा.

त्या चिरा दाखवायला भोसरीत एका गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. दोन लिफ्टचं छोटं गॅरेज आहे, नाव लिहित नाही, आधीच शनिवारी नंबर लागत नाही तिथे. काकांनी डिस्ककडे नंतर बघितलं, आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत टॉर्च मारली. ऑइल चहाच्या रंगाचं.

"साहेब, हे कधी बदललं होतं?"

मी गप्प. चार वर्षं तरी झाली असतील. टॉपअप दिसतंय ना मग ठीक आहे, असं माझं गणित.

"मग डिस्क कशाला बदलली? पाणी उकळत होतं तुमचं, आणि तुम्ही भांडं बदललं."

हे एक वाक्य मला ११ हजाराला पडलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरली की तीच हमी १५५ अंशांवर येते. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे, आणि वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल तळाला. पेडल टणक आहे, पाय जोर लावतोय आणि गाडीच थांबत नाही, तर तो पॅडचा फेड, म्हणजे डिस्कला घासणारा पॅड तापून पकड सोडतो. दोन्ही आजार वेगळे, औषधं वेगळी. माझा पहिला होता, दुसरा थोडा.

उष्णता किती तर मी एकदा कागदावर मांडून बघितलं. महाबळेश्वर ते पोलादपूर गाडी साधारण सव्वा किलोमीटर उंची उतरते. माणसं-सामान धरून दीड टनाची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे जी ऊर्जा जिरवायची ती शंभरच्या स्पीडवरून साधारण तीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी. थोडी वारा खातो, थोडी इंजिन खातं, पण गिअर डी वर टाकून बसलात की इंजिन फारसं काही खात नाही, छोटं टर्बो इंजिन, डीएसजी वरच्या गिअरला पळतो, सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर. घाटात मॅन्युअल मोडला टाकून दुसऱ्या-तिसऱ्यात उतरणं हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे, शून्य रुपये.

आता खर्च केलेल्या गोष्टी. ब्रेक ऑइल, एटीई टिप २००, तेही डॉट ४ च आहे पण ताजं असताना उकळबिंदू २८० अंश आणि ओल शिरल्यावर १९८. एक लिटर, १,४०० रुपये, आणि हा सगळ्या खर्चातला सगळ्यात जास्त वसूल झालेला पैसा. ३१२ अंशवालं मोटुलचं आरबीएफ ६०० पण बघितलं होतं, काका नको म्हणाले, रेसवालं ऑइल वारंवार बदलावं लागतं आणि तुम्ही चार वर्षं डबी उघडत नाही. बरोबर आहे. एक सांगतो, डॉट ५.१ चालेल पण नुसतं डॉट ५ चुकूनही टाकू नका, ते सिलिकॉनचं असतं, आपल्या ऑइलशी जमत नाही. दुकानात पोराला आकडा मोठा म्हणजे भारी एवढंच माहीत असतं.

दुसरं, पुढचे पॅड. युरोपियन कंपनीचे, जलद रस्त्यासाठीचे म्हणून मिळतात ते, ट्रॅकचे नाहीत. ७,२०० रुपये, नाना पेठेत एका जुन्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतले, कारण नामांकित पॅडच्या नकली पेट्या बाजारात ढिगाने आहेत. पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात ती बघायला शिका, पहिलं अक्षर साध्या तापमानाला घर्षण किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर ०.५५ पर्यंत. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा कमी घर्षणाचं असलेला पॅड घाटवाल्या माणसाने घेऊच नये. आणि पूर्ण रेसचा पॅड पण घेऊ नये, तो गरम झाल्याशिवाय नीट पकडत नाही, सकाळी सोसायटीच्या गेटवरच वॉचमनची परीक्षा. माझ्या पॅडची तक्रार सांगायची तर काळी धूळ भयंकर, अलॉय दर रविवारी धुवावे लागतात, आणि थंडीत पहिले दोन-चार ब्रेक कुईं करतात. बायकोला ते रिक्षासारखं वाटतं. मला सवय झाली.

डिस्क साध्याच घेतल्या, कंपनीच्या मूळ मापाच्या, चांगल्या ब्रँडच्या, ६,८०० ची जोडी. जुन्याच लेथवर घासून सपाट करून वापरू का विचारलं होतं, पण माझ्या मूळ डिस्क नव्या २२ मिमी, घासायची हद्द १९, आणि मोजल्यावर १९.६ भरल्या, लेथवर द्यायला काही उरलंच नव्हतं.

चौथी गोष्ट, स्टीलची जाळी असलेले ब्रेक होज, म्हणजे ऑइलच्या लवचिक नळ्या, ८,५०० रुपये, आणि खरं सांगतो, हे नसते घेतले तरी चाललं असतं. पेडल थोडं घट्ट वाटतं, हो. पण त्यातलं किती नव्या होजमुळे, किती ताज्या ऑइलमुळे आणि किती "आपण ८,५०० घातलेत" यामुळे, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. रबरी होज जुने, फुगलेले, चिरलेले असतील तर बदला, ओरिजिनल रबरीच बसवले तरी फरक कळेल.

मजुरी २,६००, सगळ्यासकट. इथे काकांना पूर्ण मार्क. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) स्लायडिंग पिना काढून साफ केल्या, त्यातली एक अर्धवट जाम होती म्हणजे आतला पॅड जास्त आणि बाहेरचा कमी घासत होता, हे आधीच्या तीन सर्व्हिसमध्ये कोणाला दिसलं नव्हतं. मागचे ड्रम उघडून धूळ काढली, शू बघून परत लावले. चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली, एक पोरगा आत बसून पेडल मारतोय आणि काका खाली झोपून नळीतून बुडबुडे मोजतायत. वेळ मात्र घेतला, सकाळी दहाला सोडलेली गाडी संध्याकाळी साडेसातला, चहा तीन वेळा. बसायला एक बाकडं आहे, त्याचा एक पाय विटेवर.

पॅड बसवल्यावर लगेच घाटात पळू नका. पहिले दोनेकशे किलोमीटर शहरात हळू, मग पहाटे रिकाम्या रस्त्यावर ऐंशीवरून तीसपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, आणि मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड करा. पॅडचा एकसारखा थर डिस्कवर बसतो. हे चुकलं की लोक म्हणतात डिस्क वाकली, बऱ्याचदा ती वाकलेली नसते, थर कमी-जास्त चिकटलेला असतो आणि स्टिअरिंग थरथरतं.

आता फरक. सरळ रस्त्यावर ऐंशीवरून एकदा कचकन दाबला तर गाडी लवकर थांबते का? नाही. आधीही एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागत होता, आताही लागतो. पहिल्याच दाबाला एबीएस लागतोय म्हणजे ब्रेकमध्ये ताकद पुरेशी आहे, कमी पडतोय तो टायर. तिथला फरक मला कळला तो १८५ चे घासलेले टायर काढून १९५/६० आर१५ टाकले तेव्हा, ब्रेकच्या खर्चाने नाही. पण पाचव्या, दहाव्या, विसाव्या वळणाला पेडल तिथेच लागतं का जिथे पहिल्या वळणाला लागलं होतं? हो, आणि मला एवढंच हवं होतं. फेब्रुवारीत तोच आंबेनळी, तेवढीच माणसं, ह्यावेळी मॅन्युअल मोडमध्ये, फाट्यावर उतरून चाकाजवळ हात नेऊन बघितला, गरम होतं पण वास नाही.

मोठ्या डिस्कचं सगळे विचारतात. २०१० च्या १८० पीएसवाल्या पोलो जीटीआयला पुढे २८८ मिमी डिस्क होती, ती कॅलिपर-ब्रॅकेटसकट बसवून देणारे लोक पुण्यात आहेत. लोखंड जास्त, उष्णता जास्त झेलते, तर्क बरोबरच आहे. पण जुने पार्ट शोधा, अलॉयच्या आत बसतंय का बघा, वर गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि इन्शुरन्सवाल्याचे प्रश्न. पॅड आणि ऑइल ही झिजणारी गोष्ट, ती बदलली म्हणून कोणी विचारत नाही. ट्रॅकवर जात असाल तर करा, शनिवारी सिंहगडावर भजी खायला जाणाऱ्याला गरज नाही. मागे ड्रम काढून डिस्क लावायचं खूळ तर सोडाच, जोराच्या ब्रेकला वजन पुढे येतं आणि मागच्या चाकांना फार काम उरतच नाही, दिसण्यासाठी करायचं असेल तर तसं स्पष्ट म्हणा.

आज परत करायचं झालं तर होज वगळून १८ हजारात भागवीन, आणि डिस्कमध्ये जाडी शिल्लक असेल तर ११,२०० मध्येच. काकांनी डबीच्या झाकणाला मार्करने तारीख लिहून ठेवलीये, दोन वर्षांनंतरची. पॅड निम्मे उरलेत. त्या चिरा गेलेल्या डिस्कपैकी एक धाकट्याने गॅलरीत कुंडीखाली ठेवलीये, भोकांतून पाणी मस्त निघून जातं.