डेकवर क्लीट बसवून घेताना झालेली फसवणूक

मुंबई बंदरात फायबरची शिडाची होडी ठेवणाऱ्यांनी डेकचे (होडीच्या वरच्या पृष्ठभागाचे) कोणतेही काम बाहेर देण्यापूर्वी हे वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या होडीच्या नाळेकडील, म्हणजे पुढच्या टोकाकडील, क्लीट (दोर बांधण्याचा धातूचा खुंटा) बदलण्याचे काम एका ठेकेदाराला दिले होते. आरपार बोल्ट, डेकखाली रुंद धातूची पट्टी, छिद्रांत इपॉक्सी (मिसळल्यावर कडक होणारी राळ) आणि ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील असे ठरले होते, आणि पैसेही त्याच हिशेबाने घेतले गेले.

अशा होड्यांचा डेक बहुधा भरीव नसतो. फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये अनेकदा बाल्सा लाकडाचा हलका गाभा असतो. त्यातून नुसता बोल्ट घालून आवळला, तर गाभा चेपला जातो, क्लीटची बैठक ढिली होते, फटीतून शिरलेल्या पाण्याने बाल्सा कुजतो आणि थर एकमेकांपासून सुटतात. म्हणून आधी बोल्टपेक्षा मोठे छिद्र पाडून तेवढा गाभा काढतात, त्या जागी सिलिकाची पूड मिसळून दाट केलेले इपॉक्सी भरतात आणि ते पूर्ण कडक झाल्यावर त्यातूनच बोल्टचे छिद्र पाडतात.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर उभी असताना केबिनच्या छतातून तपकिरी पाणी ठिबकू लागले. क्लीट उघडले, तेव्हा ज्यांना बोल्ट समजत होतो ते वरच्या थरात पिळलेले आखूड स्क्रू निघाले. आतून दिसणारे डोम नट (घुमटाकार टोपीचे नट) छताला सिलिकॉनने नुसते चिकटवलेले होते. पट्टी नव्हतीच, आणि इपॉक्सीऐवजी मोटारगाडीच्या पत्र्याला लावतात ती पुट्टी होती. वादळी वाऱ्यात होडीचा सगळा भार याच क्लीटवर येतो, हे त्या माणसाला पुरेपूर ठाऊक होते. म्हणून मी याला निष्काळजीपणा म्हणणार नाही.

चुंबक चिकटत नाही, म्हणजे स्टील ३१६चेच, असे त्याने आम्हाला दाखवले होते. वास्तविक ३०४ आणि त्याहून स्वस्त २०२ प्रतीलाही चुंबक सहसा चिकटत नाही. खाऱ्या पाण्यात ३१६ टिकते ते त्यातील मॉलिब्डेनममुळे, आणि ते आहे की नाही हे चाचणीच्या द्रावणाच्या थेंबाने कळते.

बिलावर केवळ ‘फिटिंगचे काम’ असे लिहिलेले असल्याने आमची तक्रार उभी राहिली नाही. तेव्हा बोल्टची लांबी, पट्टीची जाडी, स्टीलची प्रत आणि भरावाचे नाव कोटेशनमध्येच लिहून घ्यावे, इपॉक्सी भरलेली छिद्रे क्लीट बसण्यापूर्वी स्वतः पाहावीत, आणि छताखालचा प्रत्येक नट पान्याने फिरवून पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.