नोट चमकली म्हणजे यूव्हीबी आहे असं नाही

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याचं पिल्लू विकणारा माणूस जांभळा बल्ब लावून त्याखाली पाचशेची नोट धरायला लागला, तर तिथून काहीही घेऊ नका. आम्हाला पुण्यात याच प्रयोगाने फसवलं आणि त्याची शिक्षा एका मुक्या जिवाला झाली. तोच प्रयोग अजूनही गिऱ्हाइकांना दाखवला जातोय, म्हणून हे लिहिते आहे.

माझा मुलगा नववीत आहे. पिल्लू घ्यायचं ठरल्यावर त्याने मिळेल ते सगळं वाचून काढलं होतं. दुकानात त्याने सगळ्यात आधी दिव्याचंच विचारलं, कारण या सरड्याला घरात उन्हातले यूव्हीबी (एका प्रकारचे अतिनील) किरण देणारा दिवा लावावा लागतो. विक्रेत्याने खोक्यावरचं ‘यूव्हीबी १०.०’ हे लेबल दाखवलं, दुकानातले दिवे घालवले आणि बल्बखाली नोट धरली. नोटेवरचा नंबर आणि मधला धागा लखलखीत चमकला. “बघा ताई, अस्सल यूव्ही. डुप्लिकेट बल्बखाली असं होतच नाही.” बल्ब, होल्डर, खाद्याची पिशवी असा ‘बेबी किट’ साडेतीन हजारांना दिला. पिल्लाचे पैसे वेगळे.

आता यातली मेख ऐका. नोटेवरची शाई चमकवायला यूव्हीए, म्हणजे जास्त तरंगलांबीचा अतिनील प्रकाश, पुरतो. बँकेतला कॅशियर नोट तपासतो ते यंत्र त्याच जातीचं. या सरड्याला लागतो तो यूव्हीबी, म्हणजे साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातला. हा पट्टा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे बल्ब जांभळा दिसतो की निळा यावरून काहीच कळत नाही. त्वचेवर यूव्हीबी पडला की अंगात ‘ड-३’ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या जोरावर खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागतं. तो मिळाला नाही की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून काढून घ्यायला लागतं. हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशातला, खोडांवर आणि कुंपणाच्या खांबांवर ऊन खात बसणारा. अंड्यातून बाहेर येताना शेपटीसकट जेमतेम १० सेंटिमीटर असलेलं पिल्लू काही महिन्यांत कितीतरी पटींनी वाढतं. सगळा सांगाडा याच काळात उभा राहतो, आणि नेमक्या याच काळात आमच्या पिल्लाला खोटा दिवा मिळाला.

खाण्याची फसवणूक वेगळीच. आम्ही शाकाहारी आहोत हे बोलण्यात आलं आणि विक्रेत्याने ते लगेच हेरलं. “किड्यांच्या भानगडीत पडूच नका. आमची पिल्लं पेलेटवरच, म्हणजे सुक्या खाद्याच्या गोळ्यांवरच, वाढलेली असतात, किडे दिलेत तर पोट बिघडेल.” मुलगा म्हणाला की पुस्तकात तर किडे लिहिलेत, तर म्हणे ते परदेशातलं, इथल्या हवेत चालत नाही. हे धादांत खोटं होतं. पिल्लाच्या खाण्यात बहुतांश किडेच असावे लागतात आणि पाला थोडा. मोठं झाल्यावर हे प्रमाण उलटतं. रातकिडे किंवा डुबिया जातीची झुरळं दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढी. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, म्हणून त्यांना आधी चांगला पाला खाऊ घालायचा आणि देताना कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचं. ज्यांना घरात किडे पाळणं जमणार नाही त्यांनी हा प्राणी आणू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. धर्म-आचाराचा प्रश्न असेल तर त्यात गैर काही नाही, पण मग त्या पिल्लाला उपाशी ठेवू नये.

काही आठवड्यांत पिल्लाचा नेम चुकायला लागला. पाल्याच्या तुकड्यावर जीभ टाकायचं आणि तुकडा बाजूलाच राहायचा. मग पुढच्या पायांची बोटं थरथरायला लागली. पोट जमिनीवरून उचलेना, घसटत चालायचं. मुलाने विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, “थंडीने होतं, बल्ब जवळ आणा.”

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पिल्लाचा खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला, तर तो रबरासारखा वाकला. एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट की कडा शोधाव्या लागत होत्या. त्यांनी बल्ब मागवून घेतला. त्याच्याखाली यूव्ही इंडेक्सचं मीटर धरलं तर शून्य. मीटर बंद पडलंय असं वाटू नये म्हणून त्यांनी ते खिडकीबाहेर उन्हात धरलं, आकडा झरझर चढला. मग खिडकीची काच लावून घेतली, तर आकडा जवळपास शून्यावर आला. काचेतून येणारं ऊन या प्राण्याच्या हाडांच्या कामाचं नसतं, हेही तिथेच कळलं. शेवटी त्यांनी बल्बच्या बुडाशी असलेलं ‘यूव्हीबी १०.०’चं स्टिकर नखाने सोललं. खाली मूळ छपाई होती: ३९५ एनएम, म्हणजे नॅनोमीटर, यूव्हीबीच्या पट्ट्याच्या बाहेरचं. पार्टीत कपडे चमकवायला लावतात तो एलईडी. खाद्याची पिशवी फोडून त्यांनी चार गोळ्या पाण्यात टाकल्या, त्या तरंगत राहिल्या. कासवांचं खाद्य सुट्टं घेऊन पिशवीत भरलेलं होतं.

पिल्लू वाचलं. कॅल्शियमचे उपचार झाले, टाकीच्या निम्म्या लांबीएवढी टी-५ प्रकारची (बारीक व्यासाची) यूव्हीबी ट्यूब आली, ऊन खायच्या जागेचं तापमान ४० अंशांच्या आसपास आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७. दिवे दिवसा १२ ते १४ तास, रात्री पूर्ण अंधार. किडे आता मुलगा गॅलरीतल्या डब्यात वाढवतो. पाठीचा बाक मात्र राहिला. वाकलेलं हाड सरळ होत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

विक्रेत्याचं म्हणणं, जिवंत जनावराची गॅरंटी नसते. बिलावर त्याने फक्त ‘पेट अ‍ॅक्सेसरीज’ लिहिलं होतं, यूव्हीबी हा शब्दच नव्हता. सोललेल्या स्टिकरचे फोटो आणि डॉक्टरांचा रिपोर्ट जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तेव्हा किटचे पैसे परत आले. उपचारांचे आले नाहीत. म्हणून बिलावर दिव्याची कंपनी, मॉडेल आणि ‘यूव्हीबी’ असं लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर काय ते समजा. दुकानात मीटर नसेल तर खोक्यावर तरंगलांबी किंवा यूव्ही इंडेक्स आणि किती अंतरावर लावायचा याचा तक्ता छापलेला आहे का बघा. एकाच टाकीत कोंबलेल्या पिल्लांची बोटं आणि शेपटीची टोकंही तपासा. भुकेली पिल्लं एकमेकांची बोटं तोडतात.

ज्यांच्याकडे असा जांभळा बल्ब आत्ता लावलेला आहे त्यांनी तो आजच काढावा. खरी ट्यूब येईपर्यंत पिल्लाला रोज सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ द्या, पण काचेच्या टाकीसकट उन्हात ठेवू नका. टाकी मिनिटांत तापते आणि पिल्लू दगावतं. जाळीचा पिंजरा घ्या, अर्ध्या भागावर सावली करा आणि समोरून हलू नका, कावळे टपलेले असतात. बोटं थरथरत असतील तर ट्यूबची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.