व्ही-पाळणा स्कॅनर: बांधीव नोंदवह्यांसाठी, दोघांनी मिळून चालवायचं यंत्र

अभिलेखागारात स्वयंसेवक म्हणून जोडीने बसणाऱ्यांसाठी हे परीक्षण आहे. आम्हीही दोघं मिळूनच हे काम करतो. एखाद्या कंपनीच्या मॉडेलबद्दल इथे लिहिलेलं नाही. व्ही-पाळणा, म्हणजे व्हीच्या आकाराच्या पाळण्यात वही ठेवून पानं टिपणारं यंत्र; हा प्रकार तयार मिळतो, सुटे भाग आणून जोडताही येतो, आणि दोन्हीकडचे गुणदोष बहुतेक सारखेच असतात.

रचना सोपी आहे. वही पाळण्यात साधारण १०० ते ११० अंश उघडून ठेवायची. त्याच कोनात जोडलेल्या दोन काचा पानांना टेकतात. वर दोन बाजूंना दोन कॅमेरे, पायाशी पेडल. पेडल दाबलं की समोरासमोरची दोन्ही पृष्ठं एकदम टिपली जातात. सपाट स्कॅनरवर हीच वही पालथी घालून पूर्ण १८० अंशांत दाबावी लागते. त्यात शिवण ताणली जाते, जुना डिंक तडकतो, आणि एवढं करूनही कण्याजवळची (शिवणीच्या बाजूची) अक्षरं काळ्या पट्टीत जातात ती जातातच. मूळ शिवण एकदा तुटली की नवी बांधणी कितीही चांगली केली तरी ती मूळची राहत नाही. म्हणून वेगाचं नंतर बघू. वही पालथी घालावी लागत नाही, हाच आमच्या लेखी या यंत्राचा सर्वांत मोठा गुण आहे.

निवडताना आधी एकच गोष्ट बघा: काच हलते की पाळणा? स्वस्तातल्या रचनांमध्ये पाळणा स्थिर असतो आणि काच खाली येते. वाचत पुढे जावं तसा उजवा गठ्ठा पातळ होतो, डावा जाड होतो, आणि काच दर वेळी थोड्या वेगळ्या जागी टेकते. कॅमेरा ७० सेंटीमीटरवर असेल आणि पान अडीच सेंटीमीटर खाली गेलं, तर ३०० डीपीआयचे (दर इंचातले बिंदू) २९० होतात. फोकसही मऊ पडतो, आणि लहान पडद्यावर ते लक्षात येत नाही. चांगल्या रचनेत काच कॅमेऱ्यांसकट एकाच सांगाड्याला पक्की असते, आणि पाळणा प्रतिभाराच्या (दुसऱ्या टोकाला टांगलेल्या वजनाच्या) किंवा तरफेच्या जोरावर वर येऊन पानं काचेला टेकवतो. पहिल्या पृष्ठापासून शेवटच्या पृष्ठापर्यंत अंतर तेच राहतं. सकाळी एकदा फोकस लावायचा, लेन्सच्या कड्यावर चिकटपट्टी मारायची, आणि संध्याकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

दुसरं म्हणजे पाळणा आडवा सरकला पाहिजे. गठ्ठ्याची जाडी बदलते तसा कणा एका बाजूने दुसरीकडे जातो. पाळणा रुळांवर मोकळा असेल तर तो आपोआप जागा शोधतो. अडकत असेल तर एका बाजूचं पान काचेपर्यंत पोचत नाही आणि कणा विनाकारण दाबला जातो. दर ४०-५० पानांनी पाळणा बोटाने हलवून बघावा. प्रतिभार लागेल तेवढाच ठेवावा: पान सपाट होईल, पण पाळणा खाली घेताना काचेला चिकटून वर ओढलं जाणार नाही, इतपत.

काच की ॲक्रिलिक, या प्रश्नावर आमचं मत पक्कं आहे: काच, तीही परावर्तन रोखणारा लेप असलेली. ॲक्रिलिक हलकं असतं, पण पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि पातळ कागद त्याला चिकटतो. जीर्ण पानाची कड तिथेच फाटते. शिवाय त्यावर चटकन चरे पडतात, आणि अल्कोहोलने पुसलं तर बारीक भेगा जातात. काच पुसताना द्रव कापडावर घ्यावा, काचेवर फवारू नये, कारण ओघळ थेट जोडाच्या फटीतून वहीत उतरतो.

कॅमेरा काचेला बरोबर काटकोनात आहे का, हे आरशाने तपासता येतं. काचेवर सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघा. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या मधोमध दिसलं की काम झालं. बाजूला दिसलं तर पृष्ठाची एक कड रुंद आणि दुसरी अरुंद येणार, आणि ते नंतर संगणकावर ओढूनताणून सरळ करण्यात अक्षरांचा रेखीवपणा जातो. प्रतिबिंबाचं आणखी एक दुखणं आहे. कॅमेऱ्याची चकचकीत कड आणि काम करणाऱ्याचा पांढरा सदरा काचेत उमटतो. लेन्सभोवती काळा पुठ्ठा लावा, गडद कपडे घाला, खोलीतले दिवे बंद ठेवा. यंत्राचा स्वतःचा दिवा व्हीच्या बरोबर वर, मधोमध असला की त्याची झळाळी कॅमेऱ्यात शिरत नाही. दिव्याचं रंगतापमान ५००० केल्विनच्या आसपास, रंगदर्शन निर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, कमाल १००) ९० च्या वर. स्वस्त एलईडी लुकलुकतात आणि चित्रात आडवे पट्टे येतात. मग शटरचा वेग कमी करावा लागतो.

कॅमेऱ्याची क्षमता जाहिरातीवरून ठरवू नका, गणित करा. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० गुणिले ४००० बिंदू देतो. ए३ पृष्ठाची रुंदी ११.७ इंच, कडेला थोडी मोकळी जागा धरून १२.९ इंच. ४००० भागिले १२.९, म्हणजे सुमारे ३१० डीपीआय. म्हणजे ए३ पर्यंत ३०० चा निकष जेमतेम सांभाळला जातो. पृष्ठ २२ इंच लांब असेल तर तोच कॅमेरा २५० च्या आसपास घसरतो, आणि समासातल्या बारीक नोंदी, विशेषतः आकडे, वाचता येत नाहीत. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, छिद्र (लेन्सचं उघडं तोंड) एफ/८, सगळं मॅन्युअल, म्हणजे हाताने लावलेलं. बॅटरीऐवजी अडॅप्टर हवाच, नाहीतर बॅटरी बदलताना कॅमेरा हलतो आणि आरशाची तपासणी पुन्हा करावी लागते.

आता या यंत्राचा खरा सापळा. कॅमेरे आडवे-तिडवे बघतात: डावीकडचा कॅमेरा उजवं पृष्ठ टिपतो, उजवीकडचा डावं. फोल्डरला कॅमेऱ्याच्या बाजूचं नाव दिलं की विषम पृष्ठं सम ठरतात. फोल्डरची नावं पृष्ठांवरून द्या, ‘उजवी पृष्ठं’ आणि ‘डावी पृष्ठं’ अशी. दुसरा धोका याहून वाईट: पेडल दाबलं आणि एकच कॅमेरा चालला. दोन फोल्डर एकत्र करताना त्या क्षणापासून पुढचं प्रत्येक पृष्ठ एकाने सरकतं, आणि वहीचा अनुक्रम बिघडतो. म्हणून दर ५० टिपणांनंतर (पेडल ५० वेळा दाबल्यावर) दोन्ही फोल्डरमधल्या फायली मोजा. आकडे जुळले नाहीत तर तिथेच थांबा, शेवटची जुळणारी जोडी शोधा आणि तिथून पुन्हा सुरू करा. ‘नंतर बघू’ म्हटलं की वही कपाटात परत जाते आणि चूक कायमची राहते.

इथेच दुसऱ्या माणसाचं मोल कळतं. एकजण पानं उलटतो, दुसरा पडद्यावर प्रत्येक जोडी बघतो आणि पृष्ठांक हळू आवाजात म्हणतो. दोन पानं एकदम उलटली गेली की आकडा चुकतो आणि लगेच कळतं. मूळ वहीला पृष्ठांक नसतील तर अभिलेखपालांना विचारून मऊ पेन्सिलने कोपऱ्यात घालून घ्यावेत. स्वच्छ, कोरडे हात पुरेत. सुती हातमोज्यांनी बोटाला कागद कळत नाही आणि कडा फाटतात. हातमोजे घालायचे ते बुरशी किंवा छायाचित्रं असतील तेव्हाच, तेही नायट्राइलचे (पातळ कृत्रिम रबराचे). बोटाला थुंकी लावायची नाही, चिकटलेलं पान हाडी पट्टीने सोडवायचं. पाऊण तासाने जागा बदला. पानं उलटणाऱ्याचे खांदे आणि पडदा बघणाऱ्याचे डोळे एकाच सुमारास थकतात.

धडधाकट वहीत एका उघड्या जोडीला आठ सेकंद पुरतात. मोजणी, काच पुसणं, पाळणा सरकवणं धरून तासाला २०० ते २५० जोड्या झाल्या तर उत्तम समजा. ठिसूळ कागदाला याच्या तिप्पट वेळ द्यावा लागतो आणि तो द्यावाच.

सुरुवातीला आणि शेवटी रंगपट्टीचं (ठरलेल्या रंगांच्या चौकोनांची, रंग जुळवायची पट्टी) एक छायाचित्र घ्या. जतनाची प्रत टिफमध्ये (तपशील न गाळणारा चित्र-फाइलचा प्रकार): २४ मेगापिक्सेलचं एक चित्र सुमारे ७२ एमबी, म्हणजे हजार पृष्ठांना ७२ जीबी. डिस्कचा हिशेब आधीच करून ठेवा, आणि फायली हलवण्यापूर्वी व नंतर चेकसम (फाइल बदलली नाही हे दाखवणारा, तिच्यावरून काढलेला आकडा) जुळवा. स्कॅन टेलरसारख्या सॉफ्टवेअरने कडा कापणं, सरळ करणं हे सगळं वाचायच्या प्रतीवर करावं. जतनाच्या प्रतीला, विशेषतः काळं-पांढरं करण्यासाठी, हात लावू नये. फिकट शाईच्या नोंदी त्यात आधी नाहीशा होतात.

काही दप्तरांना हे यंत्र चालतच नाही. कण्यापर्यंत लिहिलेली आणि फार घट्ट शिवलेली वही व्हीच्या टोकापर्यंत उघडत नाही. शेवटचं अर्धं अक्षर सुटतंच. घडीचे नकाशे, सुटी पत्रं आणि टाचण्या गंजून कागदात रुतलेले गठ्ठे सपाट टेबलावर एका कॅमेऱ्याखाली घ्यावेत. शाईने कागद खाऊन जिथे अक्षराच्या जागी भोकं पडली आहेत, तिथे काच टेकवूच नका. पाळणा खाली ठेवून, मागे फिकट कागद सरकवून, काचेविना एकेक पृष्ठ टिपा. त्यासाठी काच सहज काढता-घालता येणारा सांगाडा निवडा. काही सांगाड्यांत ती कायमची चिकटवलेली असते, आणि असा सांगाडा आम्ही कोणत्याच अभिलेखागाराला सुचवणार नाही.