एमडब्ल्यूक्लायंट: अडीच तास गप्प बसणारी लायब्ररी

एमडब्ल्यूक्लायंट, म्हणजे मीडियाविकीची पानं पायथनमधून वाचायची-लिहायची लायब्ररी, गोडी छाटणीला (ऑक्टोबरात) वापरायला घेतली, आता खरड छाटणीही (एप्रिलची) उरकली. आमच्या दिंडोरीकडच्या द्राक्षबागेचा स्वतःचा मीडियाविकी आहे, विकिपीडिया ज्यावर चालतो तेच सॉफ्टवेअर. दर प्लॉटचं एक पान, त्यात फवारण्यांच्या नोंदी. मी नाशिकरोडला बसून पायथनने ती पानं वाचतो आणि पहाटे धाकट्या भावाला यादी पाठवतो: कुठल्या प्लॉटला शेवटचं काय मारलं, किती दिवस झाले.

नोव्हेंबरात, ऐन डावणी रोगाच्या दिवसांत, चारला सुटलेली स्क्रिप्ट सव्वासहाला 'चालूच' होती. एरर नाही, काही नाही. भाऊ फवारणीचा ब्लोअर जोडून फोनवर: "दादा, यादी?" होस्टिंगवाल्याचा सर्व्हर रात्रीच झोपला होता. स्वस्तातला मीच निवडलेला, त्यामुळे तिथे बोलायला तोंड नाही. पण लायब्ररीने सांगायला नको?

सोर्स उघडला. विनंती फसली की ही पुन्हा प्रयत्न करते, 25 वेळा. थांबणं दर खेपेला 30 सेकंदांनी वाढतं: 0, 30, 60... कागदावर बेरीज मांडली, 9000 सेकंद. अडीच तास! आणखी पंधरा मिनिटं धीर धरला असता तर एररचं दर्शन झालं असतं.

त्याच दिवशी पायविकीबॉट ही याच कामाची दुसरी लायब्ररी बसवायला घेतली. तिथली कॉन्फिग फाइल बघून परत आलो. इथे साइट, लॉगिन, पान, टेक्स्ट. चार ओळींत काम.

मग जानेवारीत मत बदललं. स्क्रिप्टने एक पान वाचलं आणि ती लिहिणार, तेवढ्यात भावाने मोबाईलवरून तीच ओळ बदलली. लायब्ररी वाचल्याची वेळ सोबत पाठवते, त्यामुळे विकीने माझी एडिट नाकारली आणि भावाची नोंद शाबूत राहिली. मी हाताने लिहिलेल्या रिक्वेस्टमध्ये हे कधीच केलं नसतं. फक्त स्क्रिप्टला वेगळं खातं द्या, एकाच खात्याच्या दोन एडिट विकी भांडण मानत नाही. नुसती ओळ जोडायची असेल तर अपेंड आहेच.

खाजगी विकी असेल तर पाथ (पत्त्यात साइटच्या नावापुढचा भाग) तपासा, ही '/w/' धरून चालते.

मॅक्स रिट्राइज, म्हणजे पुन्हा प्रयत्नांची मर्यादा, आता 3 केलंय, दीड मिनिटात रडते. वेट कॉलबॅकमध्ये (दर थांब्याआधी लायब्ररी चालवते ते फंक्शन) मोबाईलवर मेसेज जोडलाय. काल पहाटे पुन्हा वाजला. सर्व्हर तोच आहे; वर्षाचे पैसे भरलेत.